एफएफयू किती लागतील हे नंतर; आधी त्याच्या डोक्यावरची पोकळी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमआयडीसीतल्या पत्र्याच्या गाळ्यात 6 मीटर बाय 5 मीटरची, 2.7 मीटर उंचीची खोली आहे. तिथे पाच माणसं कॅथेटर आणि ट्यूबिंगची जुळणी व पॅकिंग करणार. खोली आयएसओ 7 वर्गाची हवी, म्हणजे हवेतल्या कणांवर ठरलेली मर्यादा पाळणारी. खोलीत सध्या दोन स्प्लिट एसी आहेत. छतात फॅन फिल्टर युनिट म्हणजे एफएफयू बसवून काम भागेल का, किती लागतील, आणि एसी आहेत तसेच ठेवता येतील का?

भागेल. 1200 बाय 600 मिमीची चार युनिटं खोलीला आणि 600 बाय 600 चं एक कपडे बदलायच्या खोलीला. स्प्लिट एसी मात्र काढावे लागतील. आणि आत्ता जे फॉल्स सीलिंग आहे त्याला भोकं पाडून युनिटं बसवायचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या. एफएफयूच्या प्रकल्पांत पैसे बुडतात ते सहसा फिल्टरमुळे नाही. युनिट हवा कुठून ओढतंय आणि ती हवा परत तिथे कशी पोहोचते, हे कुणी नीट आखलेलं नसतं, त्यामुळे.

आकडा कसा आला

1200 बाय 600 च्या युनिटमध्ये फिल्टरचं निव्वळ क्षेत्र साधारण 1140 बाय 540 मिमी, म्हणजे 0.616 चौरस मीटर. तोंडाशी वेग 0.45 मीटर प्रति सेकंद धरला तर तासाला सुमारे 1000 घनमीटर हवा मिळते. विक्रेत्याच्या पत्रकात याहून मोठा आकडा असतो, कारण तो बाहेरच्या मापावर किंवा जास्तीत जास्त वेगावर काढलेला असतो. हिशेब निव्वळ क्षेत्रावरच करा.

खोलीचं घनफळ 81 घनमीटर. आयएसओ 7 साठी तासाला 30 ते 60 वेळा हवा बदलण्याचा प्रघात आहे. 40 धरले तर 3240 घनमीटर, म्हणजे सव्वातीन युनिटं. चार घ्या. चार युनिटांनी तासाला 4000 घनमीटर, म्हणजे 49 बदल मिळतात.

पण हवेचे बदल हा नुसता अनुभवाचा आकडा आहे, आयएसओ 14644 मध्ये तसं काही बंधन नाही. मर्यादा आहे ती कणांची: 0.5 मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण एका घनमीटरला 3,52,000 पेक्षा जास्त नकोत. म्हणून उलटा ताळा करून पाहा. चांगला गाउन घातलेला, हालचाल करणारा माणूस मिनिटाला 10 लाख कण सोडतो असं धरा. पाच माणसांचे 50 लाख. मिनिटाला 67 घनमीटर स्वच्छ हवा आत येते, म्हणजे हवा नीट मिसळली तर खोलीत घनमीटरला साधारण 75,000 कण राहतील. मर्यादेच्या पाव भागाच्या आसपास. मशीनचे कण, पुठ्ठा, वाईट गाउन, हवा न पोहोचणारे कोपरे या सगळ्यांसाठी ही सवड लागतेच. दोनच युनिटांत कागदावर आकडा बसेल, पण पहिल्याच व्यग्र पाळीत सवड संपेल.

कपडे बदलायची खोली 2 बाय 2 मीटर धरली तर घनफळ 10.8 घनमीटर. 600 बाय 600 चं युनिट तासाला सुमारे 470 घनमीटर देतं. तिथेही 43 बदल होतात. या खोलीत कंजूषी करू नका, सगळ्यात जास्त कण तिथेच झडतात.

प्लेनम

एफएफयूचा पंखा वरून हवा ओढतो आणि हेपा म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरमधून खाली सोडतो. एवढंच. तो थंड करत नाही, ओलावा काढत नाही, ताजी हवा आणत नाही, आणि एकटा खोलीत दाबही तयार करत नाही. खोलीतलीच हवा वर नेऊन पुन्हा खाली सोडली तर दाब कुठून वाढणार?

सध्याच्या फॉल्स सीलिंगवर युनिट ठेवलं तर ते पत्र्याखालची हवा ओढेल. एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते, पावसाळ्यात दमट हवा, आणि बारा महिने ग्लासवूलचे तंतू, पालीची घाण, वेल्डिंगची राख. प्रीफिल्टर (हेपाच्या आधीची जाड धुळीची गाळणी) पंधरवड्यात चोंदेल आणि हेपाचं आयुष्य निम्म्यावर येईल. शिवाय बाहेरची हवा आत घुसत राहिल्यामुळे एसी कितीही मोठा लावा, पुरणार नाही.

म्हणून खोलीच्या छताच्या वर दुसरं बंद छत हवं. दोन्हींमधली पोकळी म्हणजे प्लेनम. 50 मिमीच्या पीयूएफ (फोम भरलेल्या) पॅनेलची बंद पेटी करा, आतली उंची निदान 700-800 मिमी ठेवा, म्हणजे युनिटच्या डोक्यावर हवेला 300 मिमी तरी जागा राहते आणि माणूस सरपटत जाऊ शकतो. सांधे आतून सिलिकॉनने भरा. केबल आणि पाइप जिथून जातात तिथे ग्लँड लावा. पॅनेलऐवजी साधा पत्रा मारून पैसे वाचवू नका. 30 चौरस मीटर छतावर वरचं तापमान आतल्यापेक्षा 25 अंशांनी जास्त असेल तर पीयूएफमधून सुमारे 300 वॅट उष्णता आत येते, उघड्या पत्र्यातून 2 किलोवॅटच्या वर.

आता महत्त्वाचा मुद्दा. प्लेनमचा दाब खोलीपेक्षा कमी राहिला पाहिजे, 10 ते 20 पास्कलने. तसं असेल तर छताच्या सांध्यात, गॅस्केटमध्ये, लाइटच्या भोकात कुठेही फट राहिली तरी हवा खोलीतून वर जाते, वरून खाली येत नाही. जुन्या पद्धतीच्या टर्मिनल हेपाच्या, म्हणजे डक्टच्या टोकाला बसवलेल्या हेपाच्या, तुलनेत एफएफयूचा खरा फायदा हाच. टर्मिनल हेपाच्या मागे दाब असतो, त्यामुळे प्रत्येक फट म्हणजे गाळण न झालेली हवा थेट उत्पादनावर.

हा फायदा हातचा घालवणंही फार सोपं आहे. एसीवाला येतो, प्लेनममध्ये डक्ट सोडतो, आणि युनिटं जेवढी हवा ओढतात त्याहून जास्त हवा आत ढकलतो. प्लेनम धन दाबात जातो, गॅस्केटच्या कोपऱ्यांतून धूळ खाली येते, आणि सगळे मिळून फिल्टर बदलत बसतात. म्हणून प्लेनम आणि खोली यांच्यामधला दाब दाखवणारं एक मॅग्नेहेलिक गेज दारापाशी लावा. खोली-कॉरिडॉरचं गेज सगळेच लावतात; हे दुसरं फारसं कुणी लावत नाही, आणि बिघाडाची पहिली खबर तेच देतं. गेज उभंच बसवा आणि दोन्ही नळ्या काढून शून्यावर येतं का ते महिन्यातून एकदा पाहा.

थंडावा आणि ताजी हवा

खोलीत लटकलेला स्प्लिट एसी आयएसओ 7 मध्ये नको. त्याच्या कॉइलवर आणि पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी वाढते, त्याचा झोत एफएफयूच्या खाली येणाऱ्या हवेला आडवा जातो, आणि त्याची जाळी धुवायला टेक्निशियन शिडी घेऊन स्वच्छ खोलीत येतो. त्याऐवजी डक्टेबल एसी, म्हणजे डक्टमधून हवा देणारं युनिट, खोलीबाहेर बसवा आणि त्याची हवा प्लेनममध्ये सोडा.

किती टनाचं? आत पाच माणसं मिळून साधारण 650 वॅट, दिवे 300, एफएफयू 520, सीलिंग मशीन वगैरे 1000. एकूण अडीच किलोवॅटच्या आत, म्हणजे 0.7 टन. आता ताजी हवा तासाला 400 घनमीटर घेतली, आणि कोकणपट्टीतला पावसाळी दिवस धरला, बाहेर 30 अंश व 80 टक्के आर्द्रता, आत 22 अंश व 50 टक्के, तर या एकट्या हवेला सुमारे 5.4 किलोवॅट लागतात: दीड टन. खोलीतल्या सगळ्या भाराच्या दुप्पट भार ताज्या हवेचा! वरचं छत, भिंती आणि थोडी सवड धरून 3 टनाचं युनिट घ्या.

3 टनाचं युनिट तासाला साधारण 2000 घनमीटर हवा फेकतं. एफएफयू 4000 ओढतात. म्हणजे निम्मी हवा एसीतून येते (1600 खोलीतून परतलेली, 400 ताजी) आणि उरलेली 2000 रायझरमधून, म्हणजे भिंतीतल्या उभ्या पोकळीतून, थेट प्लेनममध्ये. प्लेनम ऋण राहतो. हेच गणित दोन एफएफयू आणि 3 टन असं असतं तर 2000 विरुद्ध 2000, आणि प्रीफिल्टर थोडं चोंदलं की प्लेनम धन. लहान आयएसओ 8 खोल्यांमध्ये हा घोळ सर्रास असतो.

सगळी परतीची हवा एसीच्या कॉइलमधून ओढायची जबाबदारी एफएफयूवर टाकू नका. हेपावर वेग 0.45 ला नव्या फिल्टरचा रोध 110 ते 130 पास्कल असतो, आणि त्यापलीकडे पंख्याकडे उरते ती शक्ती थोडीच. कॉइलचे 50 ते 100 पास्कल एसीच्या स्वतःच्या ब्लोअरने सोसावेत.

ताज्या हवेला वेगळा छोटा ब्लोअर, जाड धुळीला जी4 आणि त्यामागे बारीक धुळीला एफ7 फिल्टर, आणि वेग बदलायची सोय. खोलीचा दाब याच ब्लोअरने लावायचा. 400 घनमीटरचं कारण असं: दाराच्या तीन बाजूंना 3 मिमी फट असेल तर 15 पास्कलला तिथून तासाला सुमारे 175 घनमीटर हवा निसटते, खालच्या 5 मिमी फटीतून आणखी 50. गॅस्केट आणि खाली ड्रॉप सील (दार मिटलं की खाली उतरणारी पट्टी) लावला तर हीच गळती फार कमी होते आणि वर काढलेल्या दीड टनातला वाटा थेट वाचतो. खोली आणि कपडे बदलायची खोली यांत 10 ते 15 पास्कल, तिथून कॉरिडॉरला आणखी तेवढेच.

आर्द्रतेबद्दल एक इशारा. साधं डक्टेबल तापमान बघतं, आर्द्रता नाही. पावसाळ्यात तापमान पटकन गाठलं जातं, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालूच राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. इन्व्हर्टर मॉडेल कमी वेगात चालताना कॉइल कोमट होते, मग ओलावा आणखी कमी निघतो. प्लास्टिक जुळणीला 60 टक्क्यांपर्यंत चालत असेल तर थंड झालेली हवा पुन्हा किंचित तापवणारा छोटा हीटर आणि आर्द्रता बघणारा ह्युमिडिस्टॅट एवढ्यावर भागतं. त्याहून कडक मर्यादा असेल तर हे साधं डक्टेबल तुमच्या कामाचं नाही, नीट एएचयू (एअर हँडलिंग युनिट) घ्या.

परतीचा रस्ता

युनिटं छतात आणि परतीच्या जाळ्याही छतात, असा आराखडा कुणी दिला तर परत पाठवा. हवा छतालगत फिरून वर जाते आणि टेबलाच्या उंचीला काहीच बदलत नाही. जाळ्या चारी कोपऱ्यांत, जमिनीपासून 150 मिमीवर. परत जाणारी हवा 3600 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 1. जाळीवर वेग 2 मीटरच्या आत ठेवायचा तर मोकळं क्षेत्र 0.5 चौरस मीटर. 600 बाय 300 च्या चार जाळ्या, 70 टक्के मोकळ्या, एवढ्यात बसतं.

दोन जाळ्या एसीच्या रिटर्नला जोडा, दोन रायझरमधून प्लेनमला उघड्या. रायझर म्हणजे भिंतीतली दुहेरी पॅनेलची पोकळी, एकेक 600 बाय 200 मिमी. तिथे वेग अडीच मीटरच्या आत राहतो आणि रोध नगण्य. रायझरच्या तोंडाशी कपाट किंवा पुठ्ठ्याची खोकी येणार नाहीत हे पिवळ्या पट्ट्याने आखून ठेवा; सहा महिन्यांत तिथे काहीतरी ठेवलेलं असतंच.

प्रीफिल्टर जाळीत ठेवा, युनिटच्या डोक्यावर नको. जाळीतला प्रीफिल्टर बसून दोन मिनिटांत निघतो. डोक्यावरचा काढायला प्लेनममध्ये शिरावं लागतं, म्हणून तो कधीच निघत नाही.

चार युनिटं छताच्या मधोमध गोळा करू नका. दोन जुळणीच्या टेबलांवर, एक सीलिंग मशीनवर, एक दार आणि टेबल यांच्यामध्ये. सीलिंग मशीनची गरम हवा वर चढते. युनिट अगदी बरोबर तिच्या डोक्यावर न ठेवता ऑपरेटरच्या बाजूला अर्धा मीटर सरकवलं तर बरं. एखाद्या टेबलावर आयएसओ 5 हवं असेल तर टेबल पूर्ण झाकेल इतकी युनिटं आणि भोवती पीव्हीसी पडदा लागेल, एका युनिटने ते होत नाही.

खरेदी करताना

फिल्टर एच14 घ्या: सर्वात सहज निसटणाऱ्या आकाराच्या कणांवर 99.995 टक्के, आणि प्रत्येक फिल्टरच्या अनुक्रमांकासह ईएन 1822 प्रमाणे स्कॅनचं प्रमाणपत्र. एच13 ची कार्यक्षमता 99.95 टक्के, कण मोजणीत दोघांतला फरक तुम्हाला दिसणारही नाही, पण गळती चाचणीत 0.01 टक्क्याची मर्यादा लावली गेली तर एच13 वर वाद होतात.

मोटर ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची घ्या. 0.45 मीटरला ईसी युनिट 130 वॅटच्या आसपास खातं, जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरवाल्या एसी मोटरचं (इथे एसी म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे, पर्यायी प्रवाह) युनिट 220 च्या आसपास. चार युनिटांत 360 वॅटचा फरक, वर्षभर अखंड चालवलं तर 3150 युनिट वीज. युनिटला 9 रुपये धरले तर 28,000 रुपये, आणि तेवढी उष्णता थंड करायचा खर्च वेगळा. एसी मोटरचा वेग ट्रायॅक रेग्युलेटरने कमी केला की ती गुणगुणते, ते निराळंच.

बाकी मागण्या: फिल्टर खोलीच्या बाजूने बदलता यावा, गळती चाचणीसाठी पोर्ट खोलीच्या बाजूला असावेत, आणि आवाजाचा आकडा 0.45 मीटर वेगावरचा लेखी हवा. एक युनिट 52 डेसिबल असेल तर चार मिळून सुमारे 58 होतात. आवाज जास्त असला की कुणीतरी गुपचूप वेग कमी करतं.

बसवताना

युनिटचं वजन 25 ते 40 किलो. फॉल्स सीलिंगच्या टी-ग्रिडवर ते ठेवायचं नाही. गाळ्याच्या ट्रसला आडवे चॅनेल बांधून चार थ्रेडेड रॉडवर टांगा. छताच्या पॅनेलवर भार पडला की पॅनेल 2-3 मिमी बसतं आणि गॅस्केट एका बाजूने उघडं पडतं.

सगळं ड्रिलिंग, कापणं, सिलिकॉन मारणं संपल्यावर प्लेनम आतून व्हॅक्यूम करा, मग ओल्या फडक्याने पुसा. खोलीही तशीच. त्यानंतरच फिल्टरचं पॅकिंग उघडा. फिल्टर फ्रेमला धरून उचलायचा. कागदाला बोट लागलं की भोक पडलं समजा, डोळ्याला दिसो वा न दिसो. क्लॅम्प कोपऱ्याला कोपरा समोरासमोर, थोडे थोडे आवळत जा. गॅस्केट निम्म्यापर्यंत दबलं की थांबा. एकच बाजू घट्ट आवळून मग दुसरीकडे गेलात तर फ्रेम पिळते.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट हटकून अडते. ईसी मोटरची गळती विद्युतधारा प्रत्येकी 3.5 मिलिअँपियरपर्यंत असू शकते. पाच युनिटांची 17.5 होते, आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती धारा दिसली की वीज तोडणारा स्विच) 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. रात्री तीनला सगळी युनिटं एकदम बंद होण्यामागे बहुधा हेच असतं. यावर उपाय आरसीसीबी काढून टाकणं नव्हे. युनिटं दोन आरसीसीबींवर वाटा, प्रत्येकाला वेगळा एमसीबी द्या, अर्थिंग मोजून घ्या.

वीज जाऊन आल्यावर कोण आधी सुरू होतं तेही ठरवा. आधी एफएफयू, अर्ध्या मिनिटाने एसीचा ब्लोअर, शेवटी ताजी हवा. उलटं झालं तर तेवढा वेळ प्लेनम धन दाबात असतो, आणि लोडशेडिंगच्या भागात असं दिवसातून चारदा होतं.

चाचण्या, या क्रमानेच

पहिल्यांदा हवेचं प्रमाण. फिल्टरच्या तोंडापासून 150 ते 300 मिमीवर प्रत्येक युनिटला निदान चार-पाच ठिकाणी वेग मोजा, किंवा हूड लावून थेट प्रमाण घ्या. चारही युनिटं एकमेकांच्या 10 टक्क्यांत आणा. वेग ठरल्याशिवाय गळती चाचणी करू नका. वेग बदलला की फिल्टरमधून निसटणाऱ्या कणांचं प्रमाणही बदलतं.

मग पीएओ चाचणी, म्हणजे पीएओ तेलाचं धुरकं सोडून फिल्टरची गळती शोधणं. धुरकं पंख्याच्या आधी सोडायचं, म्हणजे पंखा ते घुसळून एकसारखं करतो. वरच्या बाजूला घनमीटरला 10 ते 100 मिलिग्रॅम मिळालं पाहिजे. मोकळ्या प्लेनममध्ये धुरकं पसरून जातं आणि ही तीव्रता मिळत नाही. मग चाचणीवाला वरचं माप न घेताच फक्त खालचं स्कॅन करून अहवाल देतो. तो अहवाल फुकट आहे. युनिटच्या तोंडावर तात्पुरतं पॉलिथिनचं हूड लावायला सांगा, आणि वरच्या पोर्टवरचं वाचन तुमच्यासमोर लिहून घ्या. खाली प्रोब फिल्टरपासून 2-3 सेंटिमीटरवर, सेकंदाला 5 सेंटिमीटरपेक्षा हळू, आधी कागद, मग फ्रेमचा सांधा, मग गॅस्केटचे चार कोपरे. कोपऱ्यात गळती निघाली तर फिल्टर बदलण्याआधी क्लॅम्प तपासा.

नंतर दाब, आणि मग कण मोजणी. आयएसओ 14644-1 च्या 2015 च्या आवृत्तीत 30 चौरस मीटरला 8 जागा लागतात. काही जण अजून जुन्या वर्गमुळाच्या सूत्राने 6 जागा घेतात; ऑडिटर हे बरोबर पकडतो. आधी खोली रिकामी, मग पाचही माणसं कामाला बसलेली असताना.

रिकव्हरी चाचणी, म्हणजे वाढलेले कण किती वेळात खाली येतात ते मोजणं, स्वस्त आहे आणि खूप काही सांगते. 49 बदल असतील आणि हवा नीट मिसळत असेल तर कण शंभरपट कमी व्हायला साधारण साडेपाच मिनिटं लागावीत. एखाद्या कोपऱ्यात 12-15 मिनिटं लागली तर तिथे हवा पोहोचत नाही, सरासरी आकडा कितीही सुंदर असो. मग धूर सोडून हवेचा मार्ग बघा. धुरासाठी शुद्ध पाण्याचा फॉगर आणा, अगरबत्ती नको. तिची काजळी आणि तेल हेपावर बसतं. खंडेनवमीची पूजा, हळद-कुंकू आणि नारळ हे सगळंही दाराबाहेरच ठेवा. मशीनचा फोटो बाहेर ठेवून पूजा करणारे कारखाने आहेत, कुणाचं काही बिघडलेलं नाही.

कागदपत्रांसाठी: तुम्हाला लागू होतात ते 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम, औषधांचं शेड्यूल एम नाही. त्या नियमांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थेबरोबर वातावरणाच्या वर्गाची अपेक्षाही आहे. सल्लागार औषध कारखान्याचा साचा चिकटवत असेल तर थांबवा. कण मोजणी वर्षातून एकदा तरी करा.

चालू झाल्यावर काय बिघडतं

खोलीचा दाब चांगला, पण थंडावा पुरत नाही. प्लेनमच्या वरच्या छताला किंवा पॅनेलच्या सांध्याला भोक आहे. ऋण दाबामुळे पत्र्याखालची गरम हवा आत येतेय, आणि तीच खोलीचा दाब टिकवतेय. ओळखायची सोपी रीत: ताज्या हवेचा ब्लोअर बंद करा आणि त्याचं डँपर मिटा. खोलीचा दाब शून्याजवळ आला पाहिजे. 6-7 पास्कलवरच रेंगाळला तर कुठूनतरी फुकटची हवा येतेय. रात्री खोलीतले दिवे लावून पोकळीच्या वर अंधारात गेलात तर काही भोकं डोळ्यालाच दिसतात, उरलेली धुराने शोधा.

एक युनिट बंद पडलं तर ते नुसतं निकामी होत नाही, उलटं चालतं. प्लेनम 20 पास्कलने ऋण असेल तर खोलीतली हवा त्या फिल्टरमधून वर जाते, तासाला दीडशे घनमीटरपर्यंत. पुन्हा चालू केल्यावर लगेच काम सुरू करू नका, रिकव्हरीचा वेळ जाऊ द्या. दुरुस्तीला दिवस लागणार असतील तर जाळी काढून तोंडावर स्वच्छ पत्रा आणि टेप लावा.

वेग हळूहळू कमी होतो. ईसी मोटरचा वेग स्थिर ठेवणं म्हणजे हवेचं प्रमाण स्थिर ठेवणं नव्हे; फिल्टर भरत जातो तसं त्याच फेऱ्यांवर हवा कमी मिळते. दर तीन महिन्यांनी मोजून वेग थोडा वाढवा. हेपा कॅलेंडर बघून बदलायचा नाही. रोध सुरुवातीच्या दुप्पट झाला, किंवा पूर्ण वेगावरही 0.36 मिळेना, किंवा न दुरुस्त होणारी गळती निघाली, तर बदला. फिरती हवा आणि वेळेवर बदललेले प्रीफिल्टर असतील तर पाच-सात वर्षं जातात.

रात्री काम नसेल तर युनिटं बंद करू नका, वेग 60-70 टक्क्यांवर आणा. पंख्याच्या नियमाने वेग 80 टक्के केला तर वीज निम्मी व्हायला हवी. हेपाचा रोध वेगाच्या सरळ प्रमाणात घटत असल्यामुळे प्रत्यक्षात बचत थोडी कमी मिळते, पण मिळते. त्याबरोबर एसीचा ब्लोअरही कमी करायला विसरू नका, नाहीतर रात्रभर प्लेनम धन होण्याचा धोका.

साफसफाईत दोनच चुका नेहमी दिसतात. प्रीफिल्टर धुऊन ओलाच परत बसवतात: ओला कापड-फिल्टर रोध वाढवतो आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरतो. दोन संच ठेवा, एक वाळत असताना दुसरा जाळीत. दुसरी चूक म्हणजे छताच्या जाळीवर थेट आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) फवारा. तो भोकांतून हेपाच्या कागदावर जातो. फडकं ओलं करा, जाळी पुसा. हायपोक्लोराइटने ॲल्युमिनियमच्या कडा पांढऱ्या पडून झडायला लागतात. जमिनीला वापरायचं असेल तर ठीक, छताला नको.

स्टोअरमध्ये एक एच14 फिल्टर, एक मोटर-इम्पेलर संच आणि एक कंट्रोल कार्ड ठेवा. फिल्टरचं खोकं बाणाच्या दिशेने उभं, वर काहीही न ठेवता. आडवं टाकलेलं आणि वर रंगाचे डबे रचलेलं खोकं उघडलं की घड्या बसलेला कागदच हाती येतो.